न विचारलेला प्रश्न

पत्नी गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी पुन्हा इंग्रजी शिकवायला लागलो. शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. मुलगा पुण्यात. विजापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मी आणि कूलरचा आवाज. काही दिवस असे जायचे की सकाळी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हटल्यावर दिवसभरात दुसरा शब्द तोंडातून निघायचा नाही.

शिकायला आली ती एका खासगी हॉस्पिटलमधली नर्स. मूळची करकंबची, तिशीच्या आतली. तिला नोकरीसाठी आयर्लंडला जायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. लिहिणं-वाचणं जमायचं, बोलताना अडायची. दोनदा नापास झाली होती.

"सर, समोरचा माणूस बघितला की सगळं इंग्लिश पळून जातंय," म्हणाली.

सकाळची ड्यूटी संपवून ती तीनला यायची. मी परीक्षक व्हायचो. एक विषय द्यायचा, मिनिटभर विचार करायचा आणि मग न थांबता दोन मिनिटं बोलायचं, अशी ती परीक्षा. तिचं झालं की म्हणायची, "आता तुमी बोलून दाखवा की." मग ती मोबाइलवर वेळ लावायची आणि मी बोलायचो. आवडता पदार्थ, पहिला प्रवास, गावचा बाजार, असं काहीबाही.

एकदा तिनं विचारलं, "तुमाला आता काय गरज हाय सर, शिकवायची?"

"वेळ जातो," मी म्हणालो.

शाळेत असताना प्रशिक्षणात हाच प्रश्न आला, की मी भाषेची आवड, मुलांचं भवितव्य वगैरे सांगत असे. ते खोटं नव्हतं. पण आता पावणेतीनलाच मी टेबल पुसून, दोन खुर्च्या समोरासमोर मांडून जिन्यातल्या पावलांचा कानोसा घ्यायचो. हे कुणाला सांगणार?

मे महिन्यात एक विषय निघाला : विचारायचा राहून गेलेला प्रश्न. तिचं बोलून झालं, मग मी सुरू केलं. पत्नी अकरा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांशी मी इंग्रजीत अगदी नीट बोललो, एकेका रिपोर्टचा अर्थ विचारला. पण तिला एकदाही विचारलं नाही, की तुला भीती वाटते का. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं. मराठीत मला ते सांगताच आलं नसतं. इंग्रजीत वाक्यं एकामागून एक येत गेली, कर्ता-क्रियापद जागच्या जागी, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत. थांबलो तेव्हा दिसलं, तिनं मोबाइल केव्हाच पालथा ठेवला होता.

"किती वेळ झाला?"

"बघितलं न्हाय, सर." तिनं आतून पाणी आणून समोर ठेवलं. "पेशंटला आमीबी ते इचारत न्हाय. नुसता हात धरतो. तुमी धरला असंल की."

धरला होता. मी मान हलवली.

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. दिवाळीनंतर गेली. मी मात्र कितीतरी दिवस तीन वाजता दाराशी जाऊन येत असे.

फेब्रुवारीत एका रविवारी तिचा फोन आला. मी सवयीनं इंग्रजीत खुशाली विचारली.

"नको सर, मराठीत बोला. खोलीवर आलं की कुणीच न्हाय बोलायला."

"लोक चांगले नाहीत का?"

"लई चांगले हायत. हसून गुड मॉर्निंग म्हणत्यात आन् पुढं जात्यात."

"मग काय बोलू?"

"कायबी. आज काय खाल्लं, ते सांगा."

मी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं सांगितलं, ऊन आत्तापासूनच चढलंय ते सांगितलं. ती नुसती 'व्हय, व्हय' करत होती. अर्धा तास गेला.

पुढं तिचे फोन कमी झाले. तिला तिथं मैत्रिणी मिळाल्या, बरंच झालं. माझ्याकडे आता दुसरी एक मुलगी येते, दुधनीची. अजून बुजते, एका वाक्यात उत्तर संपवते. मी घाई करत नाही.