आधी सारांश, मग घाट

सायकल चालवताना गाणी ऐकू नयेत, हे मी अनुभवाने सांगते. गाणं पायांना भलत्या नादी लावतं. एकदा हेब्बाळच्या उड्डाणपुलावर चढताना मी ढोलताशे लावले आणि पुलाच्या माथ्यावर पोचेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. माणसाच्या बोलण्याचं तसं नाही. कुणी कानाशी निवांत गोष्ट सांगत असेल तर पाय त्याच्या चालीने फिरत राहतात आणि चढ कधी संपला ते कळतही नाही. हा शोध मला लागला तेव्हा मी इतकी खूश झाले, की ऑफिसात भेटेल त्याला सांगत सुटले. त्यातल्या एकालाही सायकलचं काही पडलेलं नव्हतं, पण मला थांबवणार कोण!

दर रविवारी पहाटे साडेपाचला मी मल्लेश्वरममधून निघते. मेखरी सर्कल, हेब्बाळ, विमानतळाचा रस्ता आणि पुढे नंदीचा डोंगर. इयरफोन एकाच कानात, डाव्या. गाड्या उजवीकडून जातात, म्हणून उजवा कान रस्त्याला आणि डावा गोष्टीला, अशी मी वाटणी करून दिली आहे. डाव्या कानात कोकणातलं भूत आणि उजव्या कानात विमानतळाच्या बसचा भोंगा, असा तो कारभार. रहस्यकथा, भयकथा, प्रवासवर्णनं, मराठीत ऐकायला मिळेल ते सगळं मी ऐकलं. डोंगराच्या वळणांना आकडे घातलेले आहेत. निम्म्या वळणांवर मी नेहमी उतरायची, पाणी प्यायची आणि 'पुढच्या रविवारी नक्की' असं स्वतःला बजावून मागे फिरायची. माथा म्हणून मी पाहिलेला नव्हता.

ही सायकल मी अडीच वर्षांपूर्वी घेतली. मधला दांडा खाली वाकलेली, साडी नेसूनही बसता येईल अशी. घेतली आणि जिन्याखाली लावून ठेवली. आई येताजाता म्हणायची, "शोभेची वस्तू छान आणलीस हां." मग एका आठवड्यासाठी मी ऑफिसच्या कामाने पुण्याला गेले, आणि त्याच आठवड्यात आई गेली.

ते मला बाबांनी फोनवर सांगितलं. माझे बाबा इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. मिरजेहून नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. आयुष्यभर त्यांनी यंत्रांच्या चाचण्या घेतल्या आणि त्यांचे अहवाल लिहिले. त्या अहवालांचा नियम असा, की वरिष्ठांना वेळ नसतो, म्हणून निष्कर्ष पहिल्या पानावर लिहायचा आणि बाकी सगळं मागून जोडायचं. ही सवय त्यांच्या हाडीमासी खिळली होती. जेवताना ते म्हणायचे, "सारांश, आमटीत मीठ जास्त. तपशील विचारलात तर सांगतो." आई पळी उगारायची. त्या दिवशी फोनवरही ते तसंच बोलले. "आई गेली. तपशील आल्यावर."

मी संध्याकाळच्या विमानाने आले. घर माणसांनी भरलेलं होतं. तपशील काही मिळाला नाही. मी दोनदा विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "दुपारी झोपली, उठली नाही." त्यानंतर ते बोलेनासेच झाले. पूर्वीही बडबडे नव्हते, पण आता हो, नको आणि सरी एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. जेवताना मी ऑफिसच्या गमती सांगायची आणि समोरून "सरी" यायचं. कन्नडमध्ये ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ, पण रोज ऐकून मला त्या शब्दाचा राग यायला लागला. मला खरंच भीती वाटायची. आई एका दुपारी गेली आणि बाबा रोज थोडे थोडे चालले आहेत, असं वाटायचं.

त्या घरात बसवेना, म्हणून मी सायकल बाहेर काढली. बघते तर सीट चांगली चार बोटं खाली केलेली. माझ्या नाकावर राग ठेवलेलाच असतो. इमारतीच्या वॉचमनला गाठून मी फैलावर घेतलं, "कुणाला विचारून चालवलीस?" तो बिचारा "इल्ला मॅडम, नाही मॅडम" करत राहिला. मी सीट वर केली, निघाले आणि तो विषय विसरले.

दोन वर्षांत ऐकण्यासारखं सगळं संपलं. एका शनिवारी जेवताना मी वैतागून म्हणाले, "उद्या कानात घालायला काहीच नाही. दोन बाप्ये स्वतःच्याच विनोदांवर हसतात, तसलं मी ऐकणार नाही." बाबा ताक पीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन उघडला तर बाबांकडून अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग! मी जिन्यातच उभी राहिले. मेखरी सर्कल ओलांडेपर्यंत कसाबसा धीर धरला आणि लावलं. बाबांनी घसा खाकरला. मागे कुकरची शिट्टी झाली. आणि ते म्हणाले, "विषय, कारखान्याच्या कँटीनमधून तांब्याचा बंब चोरीला गेला त्याची गोष्ट. सारांश, बंब मॅनेजरने नेला. आता तपशील."

"बाबा!" मी रस्त्यावर ओरडले. शेजारून जाणारा रिक्षावाला दचकला. रहस्यकथेत चोर पहिल्याच वाक्यात! पण काय सांगू, पुढची साडेदहा मिनिटं मी हसत होते आणि डोळे पुसत होते. दोन वर्षांनी माझे बाबा सलग बोलत होते, आणि तेसुद्धा माझ्यासाठी.

घरी येऊन मी त्यांच्याशी भांडले. कधी नव्हे ते तेही भांडले.

"ऐकणाऱ्याला वेळ नसतो," बाबा म्हणाले.

"मला वेळच वेळ आहे हो! मी तीन-तीन तास सीटवर असते. वेळ जावा म्हणूनच ऐकते ना!"

"मग निष्कर्ष कुठे ठेवायचा?"

"शेवटी!"

"आणि तू मधेच थकून थांबलीस तर? निष्कर्ष राहिला ना."

"नाही थांबणार. तुम्ही सांगा तर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सरी. बघू." त्या दिवशी मला त्या शब्दाचा राग आला नाही.

मग सुरू झालं आमचं पर्व! दर शनिवारी दुपारी बाबा आतल्या खोलीत जायचे, पंखा बंद करायचे आणि दार लावून घ्यायचे. बाहेर मी मिक्सर लावला तर आतून हाक यायची, "अगं स्वल्प थांब, चोर कुंपणावर आहे." आठवडाभर ते माझ्याकडून माहिती काढायचे. हेब्बाळला किती मिनिटं, विमानतळाचा फाटा कधी येतो, डोंगराच्या पायथ्याला शहाळीवाली अक्का बसते तिथे किती वेळ थांबतेस. त्याप्रमाणे भाग पाडायचे. सपाट रस्त्याला माणसांची वर्णनं आणि चढाला मारामारी. सोमवारी मी निकाल सांगायची आणि ते चष्मा पुसत ऐकायचे. चाचणीचे निकालच जणू.

निष्कर्ष मात्र त्यांना धरवत नव्हता. दुसऱ्या गोष्टीत तिसऱ्याच मिनिटाला सांडला. तिसरीच्या सुरुवातीला म्हणाले, "चोर शिंपी आहे, पण हे तू ऐकलं नाहीस असं समज." मी सायकल बाजूला घेतली आणि पोट धरून हसले. ती तक्रार मी शहाळीवाल्या अक्कांनाही माझ्या मोडक्या-तोडक्या कन्नडमध्ये ऐकवली. त्यांनी शहाळं छाटता छाटता फर्मावलं, "तुझ्या अप्पांना सांग, शेवट पिशवीत ठेव, वर गेल्यावर उघड." मी निरोप पोचवला. बाबा त्यावर दोन दिवस विचार करत होते.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी ते आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "एकच भाग आहे. घाट सुरू झाल्यावरच लाव. मधे बंद करू नकोस." मला वाटलं, शेवट पिशवीत ठेवायला जमला! मी आनंदाने रात्रीच टायरमध्ये हवा भरून ठेवली.

सकाळी पायथ्याशी अक्कांना हात केला, पण थांबले नाही. पहिल्या वळणावर भाग लावला. विषय नाही, सारांश नाही. बाबा नुसते बोलायला लागले.

"त्या दिवशी सकाळी तू पुण्याला होतीस. मी पेपर वाचत होतो. तुझी आई पदर खोचून आली आणि म्हणाली, खाली चला, हत्यारांचा डबा घ्या."

माझे पाय क्षणभर थांबले. मग मी जोरात पॅडल मारलं, कारण चढावर थांबलं की सायकल मागे येते.

तिने बाबांना जिन्याखाली नेलं. माझ्या सायकलकडे बोट दाखवून म्हणाली, सीट खाली करा, माझे पाय पोचत नाहीत. बाबांनी विचारलं, तुला येते? ती म्हणाली, मिरजेत शाळेत असताना भावाची चोरून चालवायचे, घरी कळलं तेव्हा बंद झाली. एवढी वर्षं संसार केला आणि बाबांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी डब्यातून अॅलन की काढली आणि सीट चार बोटं खाली घेतली.

वळणं मागे पडत होती. माझी नेहमीची पाणी प्यायची जागा आली आणि गेली. मला तहान लागली होती, पण आई गल्लीत सायकलवर बसत होती, आता कोण थांबतंय!

"मी मागून सीट धरून पळत होतो," बाबा सांगत होते. "ती म्हणाली, अहो सोडा, तुम्हीच पडाल. मी सोडली. ती कोपऱ्यापर्यंत गेली. वळली. घंटी वाजवत परत आली. तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला एक हात सोडून दाखवला."

मी रडत होते आणि हसत होते, आणि दम लागला होता तो वेगळाच. पुढून उतरणाऱ्या एका सायकलवाल्याने मला "कमॉन, कमॉन" केलं. त्याला वाटलं असेल, बाईला चढ झेपत नाहीये.

"वर येऊन तिने दोन वाट्या सार प्यायलं. म्हणाली, मुलगी आली की तिच्यासमोर चालवून दाखवते, तोवर सांगायचं नाही. जेवल्यावर म्हणाली, पाय भरून आलेत, स्वल्प पडते. ती उठली नाही." नुसतं घड्याळ ऐकू येत होतं. "डॉक्टर म्हणाले, सायकलचा काही संबंध नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण मी सीट खाली केली नसती तर तिचे पाय पोचले नसते. ते मला तुला सांगता येत नव्हतं. तू वॉचमनला बोललीस तेव्हाही मी गॅलरीत उभा होतो, आणि तेव्हाही सांगता आलं नाही. निष्कर्ष, तुझ्या आईला सायकल येत होती. फार छान येत होती."

भाग संपला तेव्हा समोर चढ नव्हता. मी माथ्यावर होते. आजूबाजूला धुकं होतं, माणसं फोटो काढत होती, आणि मी सायकलची सीट दोन्ही हातांनी धरून उभी होते. आई ह्याच सीटवर बसली होती! एक हात सोडून! मला ते तिथल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. आणि माझे बाबा दोन वर्षं हे ओझं एकट्याने वाहत होते, ह्याचं फार वाईट वाटलं. घरी पोचायला तीन तास लागणार होते. तेवढा वेळ त्यांना वाट पाहायला लावणं मला जमणारं नव्हतं. ते फोन मांडीवर घेऊन बसले असणार, हे मला इथून दिसत होतं.

मी श्वास जरा जागेवर येऊ दिला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"सारांश," मी म्हणाले, "बाबा, तुमची काहीही चूक नाही. तिला जे करायचं होतं ते तुमच्यामुळे करता आलं. तपशील घरी आल्यावर."

पाठवलं. त्यांनी लगेच ऐकल्याची खूण आली. मी खाली उतरायला सायकल वळवली, तेव्हा फोन वाजला. चार सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं. बाबांचा आवाज चिरकला होता.

"सरी," ते म्हणाले. "सावकाश ये. आणि वॉचमनची माफी माग."