झोळीतले घारगे

संन्यास घ्यायचा तर बायकोची संमती लागते, हे मला मास्तरांनीच सांगितलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. नेवाशाच्या शाळेत शिकवायचे. कितीतरी दिवस मी नाहीच म्हणत राहिले. पण माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता. पानात काय वाढलंय तेही बघत नसत. मी बोलायचे ते भिंतीशी. शेवटी एका सकाळी तांदूळ निवडता निवडता मी म्हणाले, "जा." रागानेच म्हणाले. त्यांनी रागालाच संमती मानलं.

प्रवरेच्या काठी त्यांनी स्वतःचं श्राद्ध स्वतः केलं, जिवंतपणी स्वतःला पिंड दिला आणि भगव्या वस्त्रांत निघून गेले. नदीवरून मी परत आले ती कोण म्हणून, हे गावात कुणालाच ठरवता येईना. हळदीकुंकवाला बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. बायकांनी मधला मार्ग काढला. माझ्या दारावरून जाताना त्या हळू बोलायला लागल्या. दूध घालणारी मावशी तेवढी सरळ म्हणाली, "मालक जित्तं हायेत न्हवं? मग लावा की कुंकू." मी लावत राहिले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवेलागणीला घर खायला उठायचं.

लढाई चालू असतानाच्या एका चातुर्मासात ते परतले, नदीकाठच्या मठात राहायला. रोज वेगवेगळ्या आळीत माधुकरी मागत. कुठलं दार आपलं, कुठलं परकं, हे संन्याशाने बघायचं नसतं. त्यामुळे एक दिवस आमच्या दाराशीही "नारायण" ऐकू आलं. आवाज तेवढा ओळखीचा होता. डोकं तुळतुळीत, नजर जमिनीवर. मी भाकरी वाढली, ते गेले.

मग मी गुळाच्या मागे लागले. त्या दिवसांत गूळ मिळणं म्हणजे देव भेटणं. ते पुन्हा आमच्या आळीत यायचे त्या दिवशी लाल भोपळा किसून घारगे केले. पूर्वी घारगा कढईतून निघतो न निघतो तोच मास्तरांचा हात पुढे यायचा. आता झोळी पुढे आली.

मी घागर घेऊन मागोमाग घाटावर गेले. पाणी आणायचंच होतं, असं स्वतःला बजावत. त्यांनी झोळी अन्नासकट नदीत बुडवली. अन्नाची चव धुऊन जावी, जिभेला लोभ राहू नये, म्हणून संन्यासी असं करतात. मला मेलं वाटलं, गेला माझा गूळ प्रवरामाईला.

पायरीवर बसून ते जेवायला लागले. अर्धा घारगा खाल्ला आणि हात थांबला. मग उठले, माझ्यापासून दोन पायऱ्या लांब उभे राहिले.

"माई," ते म्हणाले. संन्याशाला सगळ्या बायका आईच. "यापुढे मी तुमच्या आळीला येणार नाही. बुडवलं तरी चव जात नाही."

घरी येईपर्यंत मी इतकी सुखावले होते की रडू आवरेना. दाराशी आल्यावर कळलं, की आता या दारात ते कधीच उभे राहणार नाहीत. आणि तसंच झालं.

डब्यात एक घारगा उरला होता. घागरीतल्या पाण्यात बुडवून मी तो खाल्ला. ते खरं बोलले होते.