नाल्यापल्याडची संत्री

नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना वाइन शिकवता शिकवता गोपिका ठाकरे निवृत्त झाली आणि कळमेश्वरजवळच्या आपल्या गावी संत्र्याचा बगीचा बघू लागली. गावातल्या बायका तिला अजून 'दारूवाल्या मॅडम' म्हणतात. म्हणोत. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा, एवढीच तिची दारू.

वर्गात तिचं लाडकं उदाहरण सोआवे, ही इटलीतली पांढरी वाइन. तिच्यात मुख्य द्राक्ष गार्गानेगा जातीचंच हवं, तेही ठरलेल्या गावांच्या हद्दीतलं. मळ्यातून किती पीक घ्यायचं यालाही मर्यादा. वर चाखणारे पास करतील तेव्हाच बाटलीवर ते नाव. हद्दीबाहेरच्याचं द्राक्ष कितीही गोड असो, सोआवे लिहायचं नाही म्हणजे नाही.

यंदा गावातल्या संत्रेवाल्यांनी गट काढला. पेटीवर गावाचं नाव छापायचं ठरलं आणि नियम सांगायचं काम साहजिकच गोपिकाकडे आलं. ओसरीवरच्या बैठकीत तिनं सरळ सांगितलं, "गावच्या शिवारातलाच माल. शीव म्हणजे नाला."

"मॅडम, तुमचाच बगीचा तं नाल्यापल्याड हाय!" धर्मेंद्र हसला. बगीचा त्याचाही होता, पण खरा धंदा बाहेरगावचा माल उचलून विकण्याचा.

"मले काय आज समजलं का गा?"

गटाचे अध्यक्ष मनोहरराव मधे पडले. "जाऊ द्या न बाप्पा! मॅडमचं घर इथलं, मत इथलं. त्यांच्यापुरता नियम ढिला करू."

भराभर हात वर झाले. गोपिकाचं मन घसरलं, खोटं कशाला सांगायचं? असा अंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरता सरता येणारा फुलोरा, तिच्या झाडांना पूर्वी कधी आला नव्हता, आणि गावाच्या नावाला व्यापारी आतापासूनच विचारत होते. मग तिनं पाहिलं, सगळ्यात आधी हात वर केला होता धर्मेंद्रनं.

"काहून गा धर्मेंद्र, माझ्या संत्र्यांचा एवढा कळवळा? आज माझी पेटी नाला ओलांडेल, उद्या तिच्या मागून तुझा ट्रक येईल."

ओसरी हसली. धर्मेंद्रनं हात खाली घेऊन मान खाजवली.

"मग तुमच्या मालाचं काय?" मनोहररावांनी विचारलं.

"सोआवेच्या हद्दीबाहेरचा माणूस काय करतो? तोही वाइन करतो, विकतो. फक्त ते नाव लावत नाही, स्वतःचं लावतो. नियम आहे तसा राहील."

तोडणीच्या दिवसांत गटाचा टेम्पो गावाच्या नावाच्या पेट्या भरून गेला. गोपिकाच्या पेट्या वेगळ्या निघाल्या. त्यांच्यावर ठळक छापलं होतं: 'गोपिका ठाकरे, नाल्यापल्याड'. नागपुरातल्या सीताबर्डीच्या फळवाल्यानं आणखी माल मागितला.

एक दिवस धर्मेंद्र बांधावर येऊन उभा राहिला. "मॅडम, एक चाखू का?"

"चाख," गोपिका म्हणाली. "थुंकू मात्र नको."