नावाला आलेली ओ

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. उठून गॅलरीत दोन फेऱ्या माराव्या लागतात. मी तेव्हा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरांना लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथल्याच बाजारपेठेत दुकान चालवतात.

उन्हाळा नुकताच लागला होता. दुपार कलताना पन्नाशीच्या एक बाई ठाण्यात आल्या. काठपदराची साडी, पायात नवे कोरे बूट, तोंड उन्हानं रापलेलं. दिंद्रुडकडच्या एका किराणा दुकानदाराच्या त्या पत्नी. डॉक्टरांनी नवऱ्याला चालायला सांगितलं होतं आणि लेकीनं दोघांना बूट घेऊन दिले होते. नवऱ्याला भारी हुरूप आला. गल्लीत फेऱ्या मारायच्या सोडून त्यानं एकदम डोंगरच काढला. भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन दोघं सकाळी चढले. माथ्यावर पोचेपर्यंत बाईंचे गुडघे बोलायला लागले आणि उतरताना पाणी संपलं. "तू बस इथं, मी खालच्या तळ्यावर पाणी बघतो," असं सांगून नवरा गेला, तो परत आलाच नाही.

आम्ही मिसिंग दाखल केली, कंट्रोल रूमला कळवलं. त्या डोंगरात रेंज नाही, त्यामुळे मोबाईलचा उपयोग नव्हता. जबाब सुरू असतानाच बाईंचा धाकटा दीर जीपभर माणसं घेऊन पोचला आणि समोरच येऊन बसला. बाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"हाका मारल्या का तुम्ही?" मी विचारलं.

"लई मारल्या. अहो, अहो म्हणून."

"मग?"

"एकदा ओ आल्यावानी वाटलं. तळ्याकडनं न्हाई, मागच्या अंगानं."

आमचे हवालदार हसून म्हणाले, "बाई, डोंगरात अहो म्हणलं की कडा ओच म्हणणार." मलाही ते पटलं. अंधार पडेपर्यंत आम्ही तळ्याची बाजू पिंजून काढली, पण हाती काहीच लागलं नाही. रात्रभर माझा डोळा लागला नाही. बिनपाण्याचा माणूस असल्या उन्हात किती तग धरणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सकाळी खबर मिळाली, बाईंच्या हाका कुणीतरी ऐकल्या होत्या. डोंगरावर मेंढ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला हवालदार टपरीवरून थेट ठाण्यातच घेऊन आले.

"बाई वरडत व्हती, पर अहो-बिहो न्हाई," तो म्हणाला. "एका गड्याला नाव घिऊन, आरं-तुरं करून बोलवत व्हती. नाव काय उमगलं न्हाई. पर नवऱ्याला कुणी असं बोलवतं व्हय?"

दीर दारातच उभा होता. तो उसळला. "आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, साहेब! तितं तिसरा कुणीतरी हाय. इच्यारा तिला, कुणाला बोलवत होती!" कालपर्यंत 'वहिनी' म्हणणारा माणूस आज 'तिला' म्हणत होता.

खरं सांगायचं तर मलाही संशय आला. नवरा बेपत्ता आणि बायकोचा जबाब खोटा, एवढं कळल्यावर कुठल्याही पोलिसाचे कान टवकारतात. मी दिराला बाहेर बसवलं आणि महिला शिपाई सोबत घेऊन बाईंना विचारायला बसलो. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, तरी काही उपयोग नाही. बाहेर ऊन चढत होतं आणि इथं बाई तोंड उघडेनात.

शेवटी महिला शिपाई हळूच म्हणाली, "काकू, दीर बाहेर गेलेत. आता बोला."

तेव्हा कुठे बाईंना कंठ फुटला. "अहो म्हणून म्हणून घसा बसला, साहेब. मग म्या त्यांचं नाव घेतलं. आरे, कुठं हाईस म्हणलं. दिराच्या म्होरं कसं सांगू? लाज वाटली."

"आणि ओ कधी आली? तुम्ही अहो म्हणत होतात तेव्हा?"

"न्हाई. नाव घेतल्यावर."

मी ताडकन उठलो. कड्यावर 'अहो' आपटलं तर 'ओ' परत येईल. पण नाव आपटलं तर नावच परत यायला हवं. नावाला ओ देतो तो माणूस. "जीप काढा!" मी ओरडलो.

बाई सुजलेल्या पायांनी पुन्हा तो डोंगर चढल्या. कालच्याच जागी उभ्या राहिल्या. भोवती आम्ही पोलीस, गावकरी आणि दीर. त्यांनी दिराकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ मिटले. सगळा प्रकार दिराला मी वाटेत सांगितला होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं पाठ फिरवली.

"घ्या वहिनी नाव. मी कान झाकतो," तो म्हणाला आणि त्यानं खरंच दोन्ही कानांवर हात ठेवले.

बाईंनी हाक मारली. कड्यानं नाव जसंच्या तसं परत दिलं. मग शांतता. दुसऱ्या हाकेलाही तेच. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला, "आरे, बोल की रे!"

मागच्या घळीतून बारीक, थकलेली ओ आली.

तळ्याची वाट चुकून गृहस्थ भलत्याच घळीत घसरले होते. नडगी मोडली होती. एका खडकाच्या सावलीत ते पडून होते, जीभ टाळूला चिकटलेली. आम्ही दोर लावले आणि घोंगडीत घालून त्यांना वर काढलं. दिरानं घोंगडीचं टोक शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिलं नाही.

माणूस काय बोलला हे पाहण्याआधी, बोलताना त्याच्यासमोर कोण बसलं होतं ते पाहावं, हे मला या प्रकरणानं शिकवलं. पुढे कुठल्याही बाईचा जबाब असला की मी नातेवाइकांना आधी चहाला पिटाळत असे. लाजेपोटी बोललेलं खोटं आणि पापापोटी बोललेलं खोटं वरून सारखंच दिसतं, आणि त्या दिवशी तर एका लाजेपायी माणूस जायची वेळ आली होती.

चार दिवसांनी दवाखान्यात गृहस्थांचा जबाब घेतला. बाई उशाशी बसल्या होत्या. "अहो म्हणलेलं काय ऐकू आलं न्हाई, ग्लानीत होतो," ते म्हणाले. "पर नाव ऐकलं आन वाटलं, आई बोलवती. ती गेल्यापास्नं मला एकेरी कुणी बोलवलंच न्हाई, साहेब."

नियमाप्रमाणे मी जबाब वाचून दाखवला. 'माझ्या पत्नीने मला नावाने हाक मारली, ती ऐकून मी ओ दिली,' इथं आलो तसा त्यांनी हात वर केला.

"तेवढी ओळ परत वाचा की."

मी परत वाचली. त्यांनी पुन्हा हात वर केला. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"अहो, पुरे की आता," त्या म्हणाल्या.

गृहस्थ छताकडे बघत गप्प पडून राहिले. त्या हाकेला काही त्यांनी ओ दिली नाही.