परत न येणारा आवाज

कुणी वाचलंच तर अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीत सुटली.

पूर्वी मुलीला सासरी फोन केला की माझेच शब्द मला परत ऐकू यायचे. मी विचारायची, "बरी आहेस ना?" मागोमाग माझाच आवाज मला विचारायचा, "बरी आहेस ना?" त्यावरून कळायचं की तिचा फोन स्पीकरवर आहे आणि विहीणबाई शेजारी बसल्यात. मग मी भाजीचं बोलायची.

आता विहीणबाईंनीच तिला नवा फोन घेऊन दिलाय. आवाज परत येत नाही. मोबाईलच्या दुकानातली ताई म्हणाली, "मावशी, तुमचं बोलणं तो फोन लक्षात ठेवतो आणि परत यायला लागलं की तेवढंच वजा करतो. चांगलंच आहे की."

आवाज वजा झाला, पण ऐकणारी माणसं झाली का? डोंगरात हाक मारली की समोर कडा आहे हे कळतं. इथे कडा असून कळायचा नाही.

काल मुलगी हळूच म्हणाली, "आई, मी गच्चीवर एकटीच आहे. आज तरी नीट विचार ना."

"हो गं," म्हणून मी कान देऊन थांबले. काहीच परत आलं नाही.

"भाजी काय केलीस?" मी विचारलं.