आखाजीची घागर

माझं सासर असोद्याचं, माहेर दोंडाईच्याच्या अलीकडचं एक खेडं. सासरी मला दोंडाईच्याची मिरची म्हणतात, आणि ते खोटं नाही. मनात आलं की ओठावर आलंच. या आखाजीला मात्र ही जीभ कापून ठेवावी असं वाटलं.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. माहेरी यायचं, झोके घ्यायचे, आमरस-पुरणपोळी हाणायची. आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरायची, वर खरबूज ठेवून, नाव घेऊन. आमच्या घरची घागर दरवर्षी मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याने भरते. ती विहीर आजोबांनी खणली, सुरुंगाच्या धुरात खोकत खोकत. ज्याने खणली त्यालाच तिचं पाणी, असं आबा दरवर्षी म्हणतात. आबा म्हणजे माझे वडील. गाव त्यांना भाऊ म्हणतं.

पण यंदा स्टेशनवरून घरी आले, तर आईने प्यायला जारचं पाणी दिलं. विकतचं! मी म्हटलं, "हे गं काय? माहेरचं पाणी कुठे गेलं?"

झालं होतं असं. गावाला नळाने येणारं पाणी तपासणीत नापास झालं होतं. त्यात नायट्रेट वाढलेलं, म्हणजे शेतातलं खत आणि शेणमूत झिरपून पाण्यात गेलेलं. पिऊ नये अशी पाटी लागली. मग शेतकऱ्यांनी एक गट केला आणि आबांना पुढे बसवलं. ठराव झाले: उकिरडे विहिरींपासून दूर न्यायचे, खत थोडं थोडं द्यायचं, आणि ज्याच्या ठिबकला खताची टाकी आहे त्याने विहिरीवर एनआरव्ही बसवायचा. एनआरव्ही म्हणजे पाणी एकदा पुढे गेलं की मागे फिरू न देणारा वाल. तो नसला तर लाईट जाताच पाइपातलं पाणी खतासकट उलटं विहिरीत येतं. आणखी एक नियम होता, तो आबांनीच सुचवलेला. कुणी आपली विहीर आपण तपासायची नाही, बांधाशेजारच्याने तपासायची. म्हणजे कुणाची लबाडी नको.

सगळ्यांच्या विहिरींचं पाणी तपासलं, त्यात आमचीही नापास झाली. आबांनी बोट दाखवलं ते शेजारच्या अक्काकडे. अक्का म्हणजे एकटी बाई, दोन म्हशी, थोडी जमीन. तिचा उकिरडा आमच्या बांधाला लागून. सगळा गट ट्रॅक्टर घेऊन गेला आणि एका सकाळीत तो उकिरडा उचलला. पहिलं घमेलं आबांनी टाकलं. अक्का बांधावर उभी राहून ओरडली म्हणे, "बठ्ठा गावना पाप मनाच उकिरडामा शे का रे भो?" म्हणजे सगळ्या गावाचं पाप माझ्याच उकिरड्यात आहे का?

आई हे सांगताना हसत होती. मीही हसले.

अक्काच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी पास झालेलं होतं, पण तिच्याकडे ना ठिबक ना टाकी, म्हणून ती गोष्ट कुणी मोजलीच नाही. आबा ओट्यावर बसून सांगत होते, "आता दुसरा नमुना पास होणार. आखाजीची घागर आपल्याच विहिरीची. माझ्या बापाला मी जारचं पाणी पाजणार नाही!" मला केवढा अभिमान वाटला त्यांचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेले, पपई बघायला. तेवढ्यात अक्का विहीर तपासायला आली, कारण बांधाशेजारची तीच. आबा तिकडे शेवटच्या ओळीत होते, त्यांना ती आलेली दिसली नाही. अक्का माझ्याशी बोललीसुद्धा नाही. कठड्याला हात लावून वाकली, म्हणून मीही वाकले. मोटर चालू होती, टाकीत निळसर खत विरघळत होतं.

आणि लाईट गेली.

पाइपात गुडगुड झाली. उन्हाळ्यामुळे विहिरीत पाणी कमी, अगदी तळ दिसत होता. त्या तळातून निळसर ढग वर येऊ लागला. हळूहळू सगळं पाणी गढूळ निळं झालं. पाइपावर वाल असायची जागा होती, तिथे नुसता जोड होता. वाल बाजूला, गोणपाटाखाली ठेवलेला. नवाकोरा.

अक्काने तो उचलला, पाहिला, परत ठेवला आणि निघून गेली.

आबा आले तशी मी फाडफाड बोलले. "आबा, हे काय? वाल काढून ठेवलात?" आधी म्हणाले, निसटला असेल. वाल काय आपोआप निसटतो? मग चिडले. "तुले काय समजस शेतीमा? वाल लावला की शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. पपई वाळू देऊ का?"

"मग अक्काचा उकिरडा का उचलला?"

आबांनी पंचा झटकला आणि चालू लागले. मला रडू नाही आलं, शरम वाटली. ज्या माणसाच्या नावावर मी सासरी नाक वर करून हिंडते तो माणूस हा!

संध्याकाळी मारुतीच्या पारावर गट बसला. लेकी-सुना मागे उभ्या. ज्याने त्याने शेजारच्या विहिरीचं सांगितलं. मग अक्काला विचारलं, भाऊंची विहीर कशी आहे? मला वाटलं, आता ही सूड घेणार. घ्यावा, तिचा हक्कच होता. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माले नका इचारा. हिले इचारा. हाई बी तठेच व्हती."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आबांचीही. देवाशपथ सांगते, खोटं माझ्या जिभेवर आलं होतं. ठीक आहे म्हटलं असतं तर कुणी परत बघायलाही गेलं नसतं. माहेरपणाला आलेली लेक, बापाची अब्रू, तोंडावर आलेला सण. पण अक्का माझ्याकडे टक लावून बघत होती.

"वाल काढून ठेवलाय," मी म्हटलं. "खत विहिरीत जातं."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकाने तंबाखू मळायला घेतली, दुसऱ्याने चप्पल शोधली. आबा उठले आणि एकटेच घराकडे गेले. मी मागून गेले, पण त्यांना गाठायची हिंमत झाली नाही. बापाची शरम वाटत होती आणि बापाला चारचौघांत उघडं पाडल्याची त्याहून जास्त.

सकाळी उठून पाहते तर आबांनी मळ्यात जाऊन वाल बसवला होता. पण विहीर काय एका सकाळीत निवळते? नवी घागर ओसरीवर कोरडी ठेवलेली. आई म्हणाली, "जारचंच भरा आता." आबा घागरीसमोर बसून राहिले. खरबूज बाजूला, कुंकू बाजूला, हात मांडीवर.

तेवढ्यात अक्का आली. कमरेवर कळशी, तिच्या विहिरीच्या पाण्याने भरलेली. आबा चटकन उभे राहिले. "अक्का, माझं चुकलं…" एवढंच म्हणाले, तिने पुढे बोलू दिलं नाही.

"भाऊ, हाई पानी तुमना बापना करता शे," ती म्हणाली. "तुमना करता नही."

कळशी उंबरठ्यावर ठेवली आणि आल्या पावली गेली.

आबांनी घागर भरली. आजोबांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला पुढे केलं, आणि ते मी घेतलं. दुपारी जेवताना आईने कळशीतलं उरलेलं पाणी त्यांच्या तांब्यात ओतायला घेतलं. आबांनी तांब्यावर हात ठेवला आणि जारकडे बोट दाखवलं.