सगळ्यात जास्त मेमरी खाणारा

वरच्या मजल्यावरची टायपिस्टबाई अख्खी दुपार ऑफिसातून गायब होती, आणि तीही एकटी नाही, अशी आमच्या जिन्यात कुजबुज होती. नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. मग काय, लोकांच्या जिभेला हाड राहिलं नाही. कुणी तिला बागेत पाहिलं, कुणी थेट लॉजवर नेऊन सोडलं. तळमजल्यावरच्या वहिनींनी तर त्या न पाहिलेल्या पुरुषाला मिशासुद्धा लावल्या.

खरी गोष्ट अशी की बाई त्या दुपारी पाणी प्यायलाही खुर्चीवरून उठली नव्हती.

तिचं काम कानाचं आणि बोटांचं. डॉक्टर पेशंटबद्दल बोलून ठेवतात, ते हेडफोनमधून ऐकून रिपोर्ट टाइप करायचा. पण गेले काही आठवडे तिचा कॉम्प्युटर नुसता धापा टाकत होता. ओळ टाइप करून झाली तरी अक्षरं उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी एकेक करत उगवायची. काम मागे पडलं की साहेबांकडे नाव जायचं. दोनदा समज मिळाली होती. तिसऱ्यांदा घरचा रस्ता. पगार थांबला की नवऱ्याला दिवसा सांभाळणारी बाई जाणार, आणि ती गेली की दुसरी नोकरी शोधायलाही हिला उंबरा ओलांडता येणार नव्हता.

शेवटी शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवाल्याला तिची दया आली.

"ताई, कपाळाला हात लावून काय बसताय? कोण खातंय ते तरी बघा."

त्याने तीन बटणं एकदम दाबायला लावली. चालू असलेल्या प्रोग्रामची यादी उघडली. 'मेमरी'वर क्लिक केल्यावर सगळ्यात खादाड वर आला. बाईचं टायपिंग बिचारं कुठल्या कुठे खाली, आवाज ऐकायचा प्रोग्राम त्याच्या जरा वर. आणि डोक्यावर बसलेला एक अनोळखी, नाव म्हणून नुसती अक्षरं आणि आकडे. अर्ध्याहून जास्त मेमरी त्याच्या पोटात.

"हा कोण मेला?"

"काय ठाऊक. माझ्याकडेही आहे."

"बंद करू?"

"करा की. फार तर परत सुरू करू."

बाईने तो बंद केला आणि कॉम्प्युटर पळायला लागला. मागचं साचलेलं, त्या दिवसाचं, सगळं तिने संध्याकाळपर्यंत हातावेगळं केलं. कित्येक दिवसांनी घरी जाताना तिचे खांदे दुखत नव्हते.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"काल दुपारी कुठे होतात?"

"जागेवरच की."

"सिस्टीम तसं म्हणत नाही."

तो खादाड पहारेकरी निघाला. कोण कामचुकारपणा करतंय हे पकडायला प्रत्येकाच्या पडद्याचे सारखे फोटो काढायचा, आणि त्याच्याच खाण्यापायी सगळे कामचुकार दिसायचे. त्याला बंद केल्यावर ऑफिसच्या लेखी बाई हवेत विरली होती.

"अहो साहेब, रिपोर्ट बघा ना! सगळे दिलेत."

"रिपोर्ट कुणीही बसून करेल. तुम्हीच होतात कशावरून?"

चष्मेवाल्याला बोलावणं गेलं. तो आला, बुटांकडे बघत म्हणाला, "मी कामात होतो, साहेब. लक्ष नव्हतं." आणि निघून गेला. बाईला त्याचा राग आला नाही. त्याच्या घरी दोन लहान पोरं होती.

"मीच बंद केला तो प्रोग्राम," ती म्हणाली.

साहेबांनी उठून दार लावलं. "हे मी ऐकलं नाही, बाई. त्याला हात लावला की त्याच दिवशी घरी, वरून हुकूम आहे. त्यापेक्षा झोप लागली म्हणा. नवरा आजारी, जागरणं होतात, मी सांभाळून घेतो. अर्ध्या दिवसाचा पगार कापू, विषय संपला."

"आणि तो प्रोग्राम?"

"तो राहणार. तुमच्यावर तर आता दुप्पट फोटो लावलेत."

म्हणजे अक्षरं आणखी उशिरा उगवणार. तिसरी समज नक्की, फक्त आज नाही. बाईच्या डोळ्यांसमोर घरातली खाट आली, खाटेशेजारी बसलेली ती दिवसाची बाई आली. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली:

"लागली होती झोप, साहेब. आणि ते सगळे रिपोर्ट मी झोपेतच टाइप केलेत, तेव्हा डॉक्टरांना कळवा, कुणाचं पोट फाडायच्या आधी एकदा नीट वाचून घ्या."